अठ्ठावीस ठिपके

सर, आज सकाळी परसात वांग्याच्या पानाखाली तो किडा दिसला. माघ सरत आलाय, सकाळचा गारवा अजून आहे, शेवगा फुललाय आणि त्यावर भुंगे घुमायला लागलेत. मी मोबाइल पुढं केला, फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि पाठीवरचे ठिपके मोजले. अठ्ठावीस. पुन्हा मोजले. गेली चाळीस वर्षं हा किडा दिसला की मी मोजतो, आणि मोजताना मागून तुमचा आवाज येतो, "सावकाश. एका बाजूनं." मी वळून बघत नाही. माझे कान अजून तिखट आहेत, ते उगाच काही ऐकत नाहीत, भीती त्याचीच वाटते.

तुम्ही मला आठवीपर्यंत विज्ञान शिकवलंत. मग दुष्काळ पडला, आणि मी पाटी ठेवून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. पुढं सोलापूरला एका स्टुडिओत फोटो धुता धुता धंदा शिकलो आणि कळंबला स्वतःचं दुकान टाकलं. तुम्ही तेव्हा रिटायर झाला होतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. दुकानात येऊन काचेत लावलेल्या नवरा-नवरीच्या फोटोंकडे बघून म्हणालात, "काय रे, सगळ्या कळंबात एकबी माणूस काळं न्हाय का?" मी हसलो. मग म्हणालात, "माझ्या बागेतली मंडळी काढशील? डोळ्याला बारीक दिसत नाही आता. मोठा फोटो असला की ओळखता येतं."

मग दर रविवारी तुमची बाग. तुम्ही स्टुलावर बसलेले, हातात भिंग, मांडीवर किड्यांचं जाडं पुस्तक. मी कान देऊन उभा. "कुठं रे?" "डावीकडं सर, कोथिंबिरीच्या फुलांवर. बारीक आवाज आहे, मधमाशी आहे." फोटो धुऊन आणला की तुम्ही हसायचात. "फसलास. मधमाशीचं सोंग घेतलंय हिनं. पंख मोज, दोनच आहेत. ही माशी." कॅमेऱ्याला भिंग लावून मी वाफ्यात पालथा पडलेला असायचो, आणि तुम्ही वरून म्हणायचात, "श्वास धर, श्वास. पान हालतंय."

तुमच्या शेजारी एक मावशी राहायची. परसात वांग्याचे सहा वाफे, हापशावरून घागरीनं पाणी आणून जगवलेले. पाणी इतकं कमी, की घरातल्या अंघोळीचं पाणीसुद्धा ती वांग्यालाच घालायची. त्या माघात ती एक पान घेऊन आली, त्यावर चार किडे. गावच्या शेती सोसायटीचा सेक्रेटरी बरोबर होता, फवारणीचा पंप त्यांचाच. मावशी म्हणाली, "सर, पंप आज मोकळा हाय, उद्या तो दुसऱ्या गावाला जातो. फवारू का?" तुम्ही भिंग लावलंत, बराच वेळ बघितलंत. म्हणालात, "मला तर अठ्ठावीस ठिपक्यांचा वाटतो. पान खाणारा. पण ह्याच्यासारखाच दिसणारा दुसरा असतो, थोड्या ठिपक्यांचा, तो मावा खातो, आपला दोस्त. डोळ्यांचा भरवसा नाही. थांबा, फोटो बघून सांगतो." आणि माझ्याकडे वळून, "संध्याकाळपर्यंत दे."

संध्याकाळपर्यंत दिला, सर. इतका सुंदर फोटो मी आधी काढला नव्हता. पाठ मात्र मळकट आली होती, आणि त्यावर बारीक बारीक काळे डाग. माझा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण, तीळ, मुरुमं, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून ते सगळं घालवायचं, हाच माझा धंदा होता, आणि त्याच्यासाठी लोक लांबून यायचे. मी ठळक ठिपके ठेवले, बारीक तेवढे घालवले, पाठ गुळगुळीत केली. तुम्ही खूश व्हाल असं वाटलं.

तुम्ही कंदिलाजवळ फोटो धरून मोजलंत, एकदा, दोनदा. मग मान हलवलीत. "बघ, मला सकाळी किती दिसले होते! फोटो खोटं बोलत नाही. डोळेच गेले माझे." आणि मावशीला हाक मारून सांगितलंत, "दोस्त आहे गं. फवारू नको." पंप सकाळी गेला.

दोन आठवड्यांत वांग्याच्या पानांची जाळी झाली. मावशी कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "आवं सर, लईच जवळचा दोस्त निघाला की तुमचा! जेवून गेला आन् ताटबी खाऊन गेला." सेक्रेटरी हसला. मी तिथंच होतो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चूक माझी, बाई. फोटोत ठिपके असणारच, मला मोजता आले न्हाईत." नंतर सोसायटीच्या ओट्यावर लोक बोलताना मी ऐकलं, सरांना आता दिसत नाही, उगंच त्यांना विचारू नका. तुम्हीही ऐकलं असणार. पुढच्या रविवारी बागेत स्टूल नव्हतं. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत, "तुला उपयोगी पडेल," म्हणालात, आणि पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलंत.

त्याच रोलमध्ये त्या किड्याचा आणखी एक फोटो होता, पेन्सिल न लागलेला. पानांची जाळी झाली त्याच आठवड्यात मी तो मोठा केला होता, तुम्हाला दाखवला मात्र नाही. ठिपके सगळे होते. सकाळी पानावर तुम्ही जे बघितलंत ते बरोबर होतं, मोतीबिंदूच्या डोळ्यानं, पहिल्याच नजरेत. तुम्ही आणखी तीन वर्षं जगलात आणि एकदाही कुठल्या किड्याचं नाव छातीठोकपणे घेतलं नाहीत. "असेल काहीतरी," म्हणायचात. तो शब्द मला अजून ऐकू येतो, बागेत, भरल्या घरात, माणसं बोलत असतानासुद्धा.

तुमची मुलगी लातूरला असते. पाकिटावर तिचा पत्ता लिहून झालाय. तिनं हे वाचलं तर निदान घरात एकाला तरी कळेल, की तुमची नजर गेली नव्हती. पण मग तिला तेही सांगावं लागेल, की त्या दिवशी कुंपणाशी तुम्ही "चूक माझी" म्हणालात, तेव्हा मला वाईट नंतर वाटलं. आधी वाटलं, सुटलो. म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही.