आगमनाच्या दाराबाहेरचा खांब

मंगळवार, तिन्हीसांजा. मांडवी.

दादाचं सगळं दुपारी आटोपलं. पण डोक्यातून तो खांब जात नाही.

दादा मस्कतहून सुट्टीवर आला की मी मुंबईला विमानतळावर जायचो. आगमनाच्या दाराबाहेर, चहाच्या दुकानाशेजारचा खांब. "तिथंच उभा राहा, गर्दीत शोधायला नको," हे त्याचं ठरलेलं. आज पहाटेही पाय आपोआप तिकडेच गेले. अर्धा तास! लोक ट्रॉल्या ढकलत बाहेर येत होते आणि मी एकेक चेहरा बघत होतो. काय बघत होतो मी? शेवटी शववाहिकेच्या ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, पेटी कार्गोला येते. मागच्या बाजूला."

टर्मिनल मला पाठ. सरकते जिने, प्रार्थनेची खोली, बाळाला पाजायची खोली, सगळं. कार्गोची शेड मात्र कधी बघितलीच नव्हती. तिथे परदेशी निघालेल्या हापूसच्या खोक्यांपलीकडे दादा होता. तीन सह्या केल्या, तेव्हा ताब्यात मिळाला.

आत्ता आईने दिव्यात तेल घालता घालता विचारलं, "खांबाकडेच भेटला ना रे?"

"हो."

"बरं झालं. शोधत फिरावं नाही लागलं त्याला."