बकरम भिजवणारी

मंगळवार, ता. ९

धाकटे,

अनेक आशीर्वाद, पण ते नंतर. आधी सांग, त्या बॅन्डमास्तरसमोर काय म्हणालीस तू मला? "ही माझी ताई, बकरम भिजवते." बस? नमुन्याचा कोट घालून तो मानेवरून हात फिरवतोय, "काय ताठ बसलीय कॉलर!" म्हणतोय, आणि लाजतेस तू! माझ्या कॉलरीवर तू लाजतेस!

अण्णांनी कात्री तुला दिली, मला बादली. तेव्हापासून दुकानाच्या पाटीवर नाव तुझं, गिऱ्हाईक मॅडम म्हणतं ते तुला. बकरम म्हणजे कॉलरीच्या आतलं कडक कापड, कोणाला दिसत नाही, कबूल. पण तुला तर माहीत आहे ना, कॉलर कशाच्या जिवावर उभी राहते ते?

ह्यांचा खोकला बरा आहे. माझा गुडघा तसाच.

बाकीच्या अकरा कोटांना इस्त्री मारलीस का? मारू नकोस. ओलं फडकं तर जवळही नेऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

बरं, सांगते. त्या अकरा कॉलरींचं बकरम मी भिजवलंच नाही. कोरंच कापलं, कोरंच शिवलं आणि गठ्ठा तुझ्याकडे धाडला. भिजवते म्हणे! मग नाही भिजवलं. पाणी लागलं की ते आतून आटणार, वरचं कापड फुगणार. रविवारी मैदानात बॅन्ड उभा राहिला की अकरा माना फोड आल्यासारख्या दिसतील आणि नमुन्याची एकच ताठ. मग लोक विचारतील, ही कोणी केली? तेवढंच हवं होतं मला.

दोन दिवस मजा वाटली. काल तुझे खांदे आठवले. कोटाचे गं. असा खांदा अण्णांनाही कापता आला नसता. दात खाऊन लिहितेय, पण लिहितेय.

नवं बकरम रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, अकरा कॉलरी परत तयार केल्यात. जुन्या उसवून या बसवायला एक अख्खा दिवस लागेल. शनिवारी पहिल्या गाडीने येते. पण मागच्या दाराने येणार नाही. पुढच्या मशीनवर बसेन, आणि बॅन्डमास्तर आला की कॉलर कोणाची ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं.

कबूल आहे की नाही, शुक्रवार दुपारच्या आत कळव. उत्तर नाही आलं तर खुशाल फिरव इस्त्री.

तुझीच,
बकरम भिजवणारी ताई