आईच्या हातांचं बोलणं

आई,

दादासाठी तू हातांनी बोलून केलेला व्हिडिओ त्याच्या फोनवर उघडेना, म्हणून फाइलचा प्रकार बदलून पाठवावा लागला. पहिल्या सॉफ्टवेअरने फाइल एवढीशी केली, पण तुझी बोटं पुसट झाली; "राग गेला, घरी ये" यातलं काही कळेचना. दुसरं फार रखडत चालतं, पण त्यात बोट न् बोट स्पष्ट दिसतं, म्हणून तेच घेतलं. आवाज कशाला ठेवतेस, असं विचारलंस ना? तुला ऐकू येत नाही, पण शेवटी तुझा हुंदका आहे. तो काढून टाकवेना.

दादाने बघितला. मग मला फोन केला. म्हणाला, "स्टेशनवर येशील?"

त्याला आणायला गेलेय. स्वयंपाक जरा जास्तीचा कर.

तुझी धाकटी