खापरखेड्याच्या घराचा लॉट

५ फेब्रुवारी, सोमवार

खापरखेड्याचा लॉट उचलला. दिवाण, कूलर, अलमारी, भांडी, गाद्या — सगळं एका सौद्यात. निवडून घेता येत नाही, आहे तसं उचलायचं. घरात साहिल नावाचा पोरगा एकटाच. आई वारली असन, म्हणून घर मोकळं करून राहिला. मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत.

६ फेब्रुवारी

गोदामात भांडी वेगळी काढली. सगळ्यांवर नाव घातलेलं — तुळसाबाई. एका बरणीत लिंबाचं लोणचं, तोंडाले फडकं बांधलेलं. अजून मुरलं नाही. म्हणजे बाईनं आठ-दहा दिवसांआधीच घातलं! हातच थांबला माहा.

घरी बायकोले, गोपिकाले, सांगतलं. मेल्या बाईच्या हातचं, फेकून द्या म्हणे. फेकवत नाही.

८ फेब्रुवारी

कूलर गेला, दिवाणही गेला. बरणी उन्हात ठेवली अन् हलवली. काहून हलवली, देव जाणे! रोज हलवा, नाही तं बुरशी येते — असं मागून कोणी तरी सांगून राहिलं वाटलं. वळून पाह्यलं. भांडीच होती.

वीस वर्षं मेलेल्यांचं सामान विकून राहिलो. मी काय भुताले भेणारा माणूस आहो? पण भेव वाटून राहिलं, खरं सांगतो.

१० फेब्रुवारी

अलमारीत कोरं लुगडं सापडलं. घडीत चिठ्ठी — ‘पायलच्या लग्नात नेसायचं.’ पायल कोण, माहीत नाही. बाईचा जीव यातच अडकला असन. साहिलले फोन लावला, एवढं तरी घेऊन जाय गा. आता सगळं तुमचंच म्हणाला अन् फोन कापला. मग उचललाच नाही. आईच्या लुगड्याले नाही म्हणते पोरगा! डोकं सणकलं माहं.

११ फेब्रुवारी

भांडी गेली. लुगडं विकत नाही बाई, असं रिकाम्या गोदामात मोठ्यानं म्हटलं. आता जा तुम्ही.

१३ फेब्रुवारी

अलमारीपाशी कोणी तरी खोकललं.

१५ फेब्रुवारी

तुळसाबाई आल्या. जित्या! मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नरखेडले बहिणीकडे होत्या. परत आल्या तं घर साफ. शेजारणीनं माह्या गाडीवरचं नाव वाचलं होतं, म्हणून इथवर पोचल्या. चोर कोण, तुम्हाले कोणी विकलं, एवढंच विचारून राहिल्या. पाणी देऊन आत आलो, हे लिहून राहिलो. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. पोराले, साहिलले, अजून कळवलं नाही म्हणे.

“त्याले नका सांगू भाऊ. जिवाले लावून घेईन तो.”