टाकीवरचं घुबड

३ नोव्हेंबर

वस्तीतल्या प्राण्यांच्या गणनेसाठी लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. तीनशे बारा फोटो, त्यातले दोनशे नव्वद नुसत्या गवताचे! वारा सुटला की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं. उरलेल्यांत दोन मुंगसं, शिंपीणबाईंचा लंगडा कुत्रा, एका उदमांजराची फक्त शेपटी, आणि पहाटे ५.४० ला एक मांजर. राखाडी, पट्ट्यांचं. दादाच्या कॉलनीमागे, नाल्याकडच्या भिंतीच्या कडेने चाललंय.

तक्त्यात लिहिलं – मांजर, पाळीव की भटकं ते माहीत नाही. असली मांजरं पैशाला पासरी.

लिहून झाल्यावर फोटो परत उघडला. त्याची चालायची तऱ्हा... पंजा टाकण्याआधी हवेत धरून ठेवलेला, पुढे ओली फरशी असल्यासारखा. असं फक्त आईचं सरकार चालायचं.

सरकारला जाऊन आठ महिने होत आले.

४ नोव्हेंबर

झोप लागली नाही नीट. वेडेपणा आहे सगळा. दादाने स्वतःच्या हाताने पुरलं त्याला, अंगणातल्या बाकामागे.

नाव आईनेच ठेवलेलं. "काम काडीचं नाही, खायला वेळेवर हवं, आणि बोलावलं तर येत नाही. सरकारच ते!" आई गेली, आणि तिच्या मागे तिसऱ्या दिवशी तेही गेलं. दादा सांगायचा, "अन्न सोडलं गं त्याने. पाण्याला तोंड लावेना." भेटायला आलेले सगळे ते ऐकून डोळे पुसायचे. मावशीने तर ही गोष्ट घरोघर नेली. आईपेक्षा मांजराच्याच जाण्याची चर्चा जास्त!

मलाही ऐकायला बरं वाटायचं. आई दुपारी आडवी झाली ती झोपेतच गेली, कुणाला हाक न मारता, कसला त्रास न होता. आणि तिच्या मागोमाग तिचं मांजर.

७ नोव्हेंबर

पुन्हा. ५.३८. तेच मांजर, तीच डावी बाजू.

सरांना दाखवलं. गणनेचं सगळं तेच बघतात. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलेलं नाही. नाव नाही सांगितलं, नुसतं विचारलं – दोन फोटोंतलं मांजर एकच, हे कसं ठरवायचं? "डावीची तुलना डावीशी, उजवीची उजवीशी. दोन्ही बाजूंचे पट्टे निराळे असतात, बाईसाहेब. एका बाजूचा फोटो म्हणजे अर्धा प्राणी. गेल्या साली त्या कापडवाल्याने एकच बोका दोनदा मोजला. एकदा डावा, एकदा उजवा!"

घरी येऊन सरकारचे सगळे फोटो काढून बसले. एक्केचाळीस. सगळे उजव्या बाजूचे! एकसुद्धा डावा नाही. मग कळलं का ते. मागच्या एका आजारपणानंतर आईचा डावा हात बधिर झाला. ती सरकारला कायम त्या हाताशी घेऊन बसायची – "या हाताला तेवढीच ऊब." म्हणजे त्याची डावी बाजू आईकडे, आणि उजवी आम्हा सगळ्यांकडे.

उजवीकडे मधला पट्टा तुटलेला आहे. तुटल्या जागी छोटा स्वल्पविराम. तो दिसला पाहिजे.

आणि दिसला तर?

८ नोव्हेंबर

दिसला तर दादा खोटं बोलला. मांजराबद्दल कुणी कशाला खोटं बोलेल? मांजर ही काय खोटं बोलायची गोष्ट आहे?

९ नोव्हेंबर

दिवसभर दुकानात. एका आजोबांना नवा चष्मा बसवत होते. समोर माझा घुबडाचा फोटो. शेठजींनी मोठा करून लावलाय, गिऱ्हाईकांना म्हणतात, "त्याच्या पिसांवरचे ठिपके मोजा. मोजता आले तर नंबर बरोबर." आजोबा म्हणाले, "दुकानात घुबड हो?" शेठजी म्हणाले, "डोळ्यांचं दुकान आहे, घुबड नाही तर काय कोंबडी लावू?"

मग आजोबांनी विचारलं, सगळेच विचारतात ते – "हे मागे वळून कुणाकडे बघतंय?"

मी नेहमीचंच उत्तर दिलं. उंदीर असेल.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. गव्हाणी घुबड, जुन्या पाण्याच्या टाकीवर, छाती माझ्याकडे आणि मान पूर्ण मागे वळलेली. अकरा संध्याकाळी बसले होते त्याच्यासाठी. बाराव्या संध्याकाळी मिळालं. १४ मार्च. घरी येऊन फोन चालू केला आणि त्याच मिनिटाला दादाचा आला – "चिमे, ये."

सरांचा नियम आहे, प्राण्यासमोर फोन पूर्ण बंद. थरथरसुद्धा नको.

टाकी नाल्याच्या अलीकडे, दादाची कॉलनी पलीकडे. हाकेच्या अंतरावर होते मी. तरी पोचले तेव्हा सगळं संपून दोन तास झाले होते म्हणे. तेवढंच एक समाधान – ती झोपेत होती. मी फोन चालू ठेवला असता तरी काय फरक पडला असता?

१२ नोव्हेंबर

दुसरा कॅमेरा लावला, पहिल्याच्या बरोबर समोर. आता येऊ दे कुठूनही.

वहिनी मागच्या दारातून बघत होती. "कशाला गं दोन-दोन?" म्हटलं, मुंगसांसाठी. तिने मान हलवली. चहाला बोलावलं नाही. कधी नव्हे ते.

१३ नोव्हेंबर

काही नाही. गवत.

१४ नोव्हेंबर

गवत. बरोबर आठ महिने आज.

एक आठवलं. त्या दिवशी आईला पलंगावर पाहिलं तेव्हा पांघरूण हनुवटीपर्यंत होतं. मी पाय पुसायला घेतले. बोटांच्या बेचक्यांत माती होती. ओली. तेव्हा मनात आलं, दुपारी अंगणात बसली असेल. पण झोपायच्या आधी आई पाय धुतल्याशिवाय पलंगावर चढत नसे. आम्हालाही चढू द्यायची नाही!

ही माती आठ महिने कुठे होती माझ्या डोक्यात?

१६ नोव्हेंबर

स्वल्पविराम.

पहाट, ५.४१. उजवी बाजू लख्ख. तोच तुटका पट्टा. जुना फोटो आणि हा शेजारी-शेजारी ठेवून तासभर बसले. सरकार आहे. रोडावलंय, कानामागे जखम भरल्याची खूण आहे, पण आहे.

आणि पुढचा फोटो, ५.४२. भिंतीतल्या मागच्या दारातून एक हात बाहेर आलाय. हातात ताटली. अंगठ्याचं नख काळं, पंपाखाली सापडलेलं. सगळ्या वस्तीचे पंप दुरुस्त करणारा दादाचा हात मी ओळखणार नाही?

पुढचे सहा फोटो – मांजर खातंय, हात तसाच जमिनीवर टेकलेला. मांजर हाताच्या जवळ येत नाही. हातही पुढे जात नाही.

१७ नोव्हेंबर

आज गेले. फोटो टेबलावर ठेवले. दादाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"फोटो चांगले आलेत," म्हणाला.

"दादा!"

मग बोलला. तुकड्यातुकड्यांनी. वहिनी त्या दिवशी तिच्या बहिणीकडे. याला पाचच्या सुमारास बोलावणं आलं, एका दवाखान्याच्या तळघरातला पंप बंद पडला होता. आई झोपलेली. हा घाईत निघाला, मागचं दार ओढून घ्यायचं राहिलं. सरकार बाहेर गेलं. आई त्याला शोधायला अंगणात गेली. साडेसातला हा परत आला तेव्हा ती बाकावर होती.

"आणि मला सांगितलंस झोपेत गेली?"

"झोपल्यासारखीच दिसत होती, चिमे."

उचलून आत आणली. पलंगावर ठेवली. डॉक्टर म्हणाले हृदय, ते खरंच. पण मांजर नाहीसं का झालं, दार कुणी उघडं टाकलं, हे कुणी विचारू नये म्हणून मांजरालाही मारून टाकलं. गोष्टीतच. पुरलं काहीच नाही. पुढे महिन्याभराने सरकार भिंतीपाशी दिसलं. तेव्हापासून पहाटे दिसलं की ताटली. "घरात येत नाही गं ते. उंबऱ्यापाशी येतं, आत बघतं, आणि परत फिरतं."

मी विचारलं, फोन तर तिच्या गळ्यात असायचा, तिने कुणाला फोन नाही केला?

"नाही. कुणालाच नाही." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत.

"लोक काय म्हणतील याची भीती वाटली तुला. आईपेक्षा स्वतःची."

"हो. वाटली भीती."

"तुझ्यामुळे गेली ती."

हे मी म्हणाले. मोठ्याने. वहिनीने हातातली कपबशी खाली ठेवली. दादा नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी दहा वर्षांची असताना सायकलवरून पडले होते, तेव्हा बघत होता तसा. आणि म्हणाला, "चहा तरी घेऊन जा."

नाही घेतला.

१९ नोव्हेंबर

दादाचे चार फोन. उचलले नाहीत.

२२ नोव्हेंबर

बरोबर तेच केलं मी. पुरावा काढला, तारीख-वेळ लावली, दोन्ही बाजू जुळवल्या. मग असं चोरट्यासारखं का वाटतंय? सारखी ती दिसते. अनवाणी, एका हाताने भिंतीचा आधार घेत, "सरकार, अहो सरकार..." करत. मी असते तर पाच मिनिटांत शोधून दिलं असतं. वस्तीत कुणाचंही जनावर हरवलं की आई अभिमानाने सांगायची, "आमच्या चिमीला बोलवा." 

२५ नोव्हेंबर

दुकानात एका बाईंना अक्षरं वाचून दाखवायला सांगितलं आणि मीच मधली ओळ विसरले. शेठजी म्हणाले, "दोन दिवस घरी बसा. आणि भावाशी बोला. कालपासून तिसऱ्यांदा दुकानासमोरून गेला, आत काही येत नाही."

२८ नोव्हेंबर

संध्याकाळी वहिनी आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच उभी.

"बसत नाही. त्यांना माहीत नाही मी आलेय. माहीत झालं तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडतील."

"त्याने पाठवलं नाही तुला?"

"ते? ते मला कधीच पाठवणार नाहीत. म्हणतात, तिला देऊ दे मला दोष, मला झेपतो." तिचा आवाज चढला. "मला नाही झेपत पण! दहा दिवस माणूस जेवत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो लागतात ना गं तुम्हाला? मग घे ही दुसरी."

हातात आईचा फोन ठेवला. तिनेच विणलेल्या पिशवीत, गळ्यात घालायच्या नाडीसकट. "कपाटात खाली, माझ्या जुन्या साड्यांच्या मागे होता. त्यातलं पुसून टाकायला म्हणून घेतात, आणि पुसवत नाही. आठ महिने चार्ज करून ठेवतायत."

ती गेली. फोन टेबलावर आहे. पूर्ण चार्ज.

२९ नोव्हेंबर

उघडला नाही.

३० नोव्हेंबर

१४ मार्च. संध्याकाळी ६.४४, ६.४८, ६.५१. तिन्ही फोन मला.

घुबडाचा फोटो ६.५३ चा आहे. त्याची मान कॉलनीकडे वळलेली आहे. फोन लागेना, तेव्हा तिने हाक मारली असणार. त्याने ऐकली.