पाच रेघांचे टायर

डिचोली
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

प्रिय नितीन,

आत्ताच फियाटचं चौथं चाक चढवलं, नट आवळले, हात धुतले आणि वही घेऊन बसलो. मेस्त्री जेवून आडवे झालेत. तीन वाजेपर्यंत शटर अर्धं खाली असतं, तेवढा वेळ माझा आहे. मागच्या आठवड्यात तुला अकरा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस, ते बरोबरच केलंस. फोनवर मी अडखळतो, आणि अडखळलो की गोष्ट मला सोयीची होईल अशी वळवतो. कागदावर तसं करायला गेलं तर खोडाखोड दिसते. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढतोय, म्हणजे तुला हे कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

तुझी मागची खोली अजून रिकामी आहे. तुझी किटली मेस्त्री वापरतात आणि चहा कडू झाला की किटलीलाच दोष देतात. शांताबाय डबा घेऊन आल्या की विचारतात, "नितीन परत येवचो ना मरे?" मेस्त्री डबा घेऊन आत वळतात. मीही पाना शोधायला आत जातो. एकदा तर हातात पाना असतानाच शोधायला गेलो.

गोकुळदासबाब तो फोटो घेऊन आले होते ते जुलैच्या शेवटी, तुला आठवत असेल. त्यांच्या वडिलांनी १९६६ साली घेतलेली ती फियाट नार्व्याच्या घरी चौदा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. फोटोत त्यांची आई रुक्मिणीमाई, नवी नवरी, सप्तकोटेश्वराच्या देवळापाशी गाडीच्या दारावर हात ठेवून उभी आहे. दसरा झाल्यावर माईंना ऐंशी पुरी व्हायची होती. गोकुळदासबाबांची इच्छा एवढीच, की त्या दिवशी माईंना त्याच गाडीतून त्याच देवळात न्यायचं. "आवयन पळयलें की फोटो आनी गाडी वेगळी दिसूंक फावना," ते म्हणाले, म्हणजे आईला फोटोत आणि गाडीत फरक दिसता कामा नये. इंजिन मेस्त्रींनी आणि तू घेतलंस. टायर माझ्याकडे आले, कारण गॅरेजात इंग्रजी अक्षरं आणि आकडे नीट वाचणारा मी एकटा. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला वाचता येतं म्हणून कोणी काम दिलं, की तो त्या कामाची जरा जास्तच पूजा करतो. तेव्हा मला हे कळलं नाही.

मी भिंग आणलं. फोटोत पुढचं चाक थोडं वळलेलं होतं म्हणून टायरची नक्षी दिसत होती. उभ्या रेघा मोजल्या, पाच. चार दिवसांनी परत मोजल्या, पाच. वहीत माप लिहिलं, ५.२०-१४. आजचे रेडियल टायर त्या गाडीला लावले की चाक फुगल्यासारखं दिसतं, म्हणून ते बाद केले. तू म्हणाला होतास की कोल्हापुरात एका दुकानात याच मापाचे, जुन्याच पद्धतीचे पण नव्याने बनवलेले टायर मिळतात. मी फोन करून विचारलं, रेघा किती. चार. मी नको म्हणालो. तू हसलास, "चार काय नि पाच काय, म्हातारी काय वाकून मोजणार हाय का, मास्तर?" मास्तर हे तू मला चिडवायला म्हणायचास हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्येक वेळी मला आतून बरं वाटायचं.

मग मी बेळगावला दोन खेपा मारल्या. दुसऱ्या खेपेला एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर चार टायर सापडले. पाच रेघांचे, माप तेच, कागदी पट्टी अजून गुंडाळलेली. एकदाही रस्त्यावर न गेलेले. दुकानदाराच्या वडिलांनी कधी भरले होते ते त्यालाही सांगता येईना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, न वापरलेलं म्हणजे नवं. येताना बसमध्ये मी त्यातला एक टायर मांडीवर घेऊन बसलो होतो.

तू त्याला नख लावलंस, वास घेतलास आणि म्हणालास, "हे मेलंय. दाबून बघ, वाळक्या भाकरीगत झालंय. फोटो काढायला लाव, रस्त्यावर घालू नको." मेस्त्री तेव्हा सुटे भाग आणायला म्हापशाला गेले होते. दोन रिक्षावाले बाकावर बसले होते. त्यांच्यासमोर मी तुला म्हणालो, "आधी यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव, मग मला शिकव." ते दोघे हसले. तू फडक्याला हात पुसलेस, पुसून झाल्यावरही पुसत राहिलास. रबर इतकं ताठ झालं होतं की मला कडा रिंगवर चढवताच येईना. शेवटी तूच माझ्या हातातला टायर चढवायचा लिव्हर काढून घेतलास, "दे इकडं, बोट मोडून घेशील." चारही टायर तू बसवलेस. माझ्या हट्टाचे टायर, तुझ्या हाताने.

आता जे लिहितो ते तुला माहीत नाही. तू नख लावायच्या आधीच मला कळलं होतं. बेळगावच्या माळ्यावरच दोन टायरांच्या बाजूला केसासारख्या बारीक चिरा दिसल्या होत्या. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला. गाडी द्यायच्या आदल्या दुपारी, तू जेवायला गेला होतास तेव्हा, मी काळं पॉलिश घेऊन त्या चिरा भरल्या. दोनदा हात मारला. टायर इतके सुंदर दिसायला लागले की मी मोबाइलवर फोटो काढला. माझ्या वहीत टायरची किंमत आहे, बसभाडं आहे, रेघा आहेत, दुकानदाराचा नंबर आहे. चिरा नाहीत. एवढी एकच गोष्ट मी लिहायची सोडली.

रविवारी, २० ऑक्टोबरला, नार्व्याच्या उतारावर पुढचा डावा टायर फाटला. वेग चाळीसच्या वर नव्हता. गाडी जांभ्या दगडाच्या कडेवर चढली. गोकुळदासबाबना काही झालं नाही. माईंचं उजवं मनगट मोडलं, कपाळाला चार टाके पडले. देवासाठी नेलेली फुलं पुढच्या काचेपर्यंत उडाली होती. सोमवारी गाडी ओढून आणली तेव्हा ती फुलं मीच गोळा केली.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते माझ्या बाजूने लिहितो. मेस्त्रींनी फाटलेला टायर हातात घेतला. त्याच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. "कोणें बसयलो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नितीनने." ते म्हणाले, बसवताना ट्यूब लिव्हरखाली चिमटली असणार, मग ती आज ना उद्या फुटणारच. असं खरंच होतं, तुलाही ठाऊक आहे, म्हणून सगळ्यांना ते लगेच पटलं. मेस्त्रींनी तुला हाक मारली. तू आधी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. मी वहीत पाहत होतो. तू सांगू शकला असतास की तू मला आधीच बजावलं होतंस. तू का बोलला नाहीस ते मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक तू माझी वाट पाहिलीस. मेस्त्रींनी महिन्याचा पगार नुकसानभरपाईत अडवला आणि मंगळवारी संध्याकाळी तू पिशवी घेऊन स्टँडवर गेलास.

"नितीनने." हा एक शब्द मी पाच आठवडे तपासत बसलो. त्यात खोटं काहीच नाही. म्हणून तर तो मला बोलता आला. मला वाटायचं की चूक म्हणजे चुकीचं लिहिलेलं. बरोबर लिहून, तेवढंच लिहून थांबलं तरी माणसाची वाट लागते, हे कोणत्या इयत्तेत शिकवतात ते मला माहीत नाही.

मागच्या बुधवारी उरलेले तीन टायर साबणाने घासून मी मेस्त्रींसमोर ठेवले. पॉलिश गेलं तसं सगळं दिसलं. त्यांनी एकेका चिरेत नख घालून पाहिलं. मी म्हणालो, मला काढा. ते म्हणाले, "तुका काडलो जाल्यार तुका बरें दिसतलें. म्हणून काडिना." काढलं तर मलाच बरं वाटेल, म्हणून काढत नाही. मग मला स्कूटरवर मागे बसवून नार्व्याला घेऊन गेले. गोकुळदासबाब ऐकून आत निघून गेले, बाहेर आलेच नाहीत. माई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "आनी तो दुसरो भुरगो? ताका कोणें सांगलां?"

दुसरा मुलगा म्हणजे तू. तुला कोणीच सांगितलेलं नव्हतं. पण नितीन, मी मेस्त्रींना सांगितलं ते माझ्या मनाचं धाडस म्हणून नाही, हेही लिहायला हवं. आदल्या दिवशी, मंगळवारी, गडहिंग्लजच्या एका गॅरेजमालकाचा फोन आला होता. तू त्यांच्याकडे काम मागायला गेला होतास आणि विचारायला म्हणून तूच मेस्त्रींचा नंबर दिला होतास. मेस्त्रींचे दोन्ही हात तेलाने भरलेले होते, म्हणून फोन मी त्यांच्या कानाला धरला. मेस्त्री म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे हो, पण हाताने निष्काळजी. टायरचं काम देऊ नका." पलीकडून आवाज आला, "मग राहू दे." मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी फोन धरूनच उभा होतो, माझा हात हललासुद्धा नाही. तुझं नाव माझ्यासमोर, माझ्या हाताने दुसऱ्यांदा पुसलं गेलं. म्हणून हे पत्र. माफी मागण्यासाठी नाही, ती मागायला मी समोर येईन, तू ये म्हणालास तर. हे पत्र तू त्या मालकाला दाखवावंस म्हणून आहे. मेस्त्रींनी काल त्यांना फोन केला, पण ते म्हणाले की आता तुम्ही सगळे एकमेकांना सांभाळून घेताय, लेखी काही असेल तर बघू. हे घे लेखी. यातलं एकही वाक्य लपवू नकोस, रिक्षावाल्यांसमोर बोललो तेही नाही. खाली मेस्त्रींची सही आणि गॅरेजचा शिक्का असेल. त्यांनी सगळं वाचून घेतल्याशिवाय मी हे पाकीट बंद करणार नाही. तिथलं काम नको असेल तर इथली खोली तुझीच आहे, असं मेस्त्रींनी लिहायला सांगितलंय. तू इथे यावंस असं मला वाटतं, पण ते सांगायचा हक्क मला नाही.

'तुझा' असं लिहिण्याइतका अजून झालेलो नाही, म्हणून नुसतंच
साईश

आजपर्यंतचा हिशेब:
बेळगावचे चार टायर, १४,००० रुपये. गोकुळदासबाबना परत करायचे. २,००० दिले, १२,००० बाकी.
माईंचं औषधपाणी, ९,३४० रुपये. पूर्ण दिले (आईची सोन्याची कुडी गहाण ठेवून. तिला सांगून.)
तुझा ऑक्टोबरचा अडवलेला पगार, अठरा दिवस, रोज ७०० प्रमाणे १२,६०० रुपये. मेस्त्रींनी आज मनिऑर्डरने पाठवले.
२२ ऑक्टोबरपासून आजपर्यंत तू बिनकामाचा, रविवार सोडून एकोणचाळीस दिवस, २७,३०० रुपये. हे माझ्याकडून. ४,००० आज पाठवले.
तुला देणं बाकी, २३,३०० रुपये. उद्यापासून तुला काम लागेपर्यंत रोजचे ७०० यात वाढवत जाईन.