तिसरं गाणं रंबुतानच्या झाडापाशी

४ ऑगस्ट, सोमवार
थोरल्या बहिणीकडे मुक्काम, दिवस सहावा. इथे आलो ते माझ्या अंकोतच्या, सवाऱ्यांच्या या छोट्या व्हॅनच्या, स्टिरिओचं काम निवांतपणे करता यावं म्हणून. बायकोने, यूसनीदारने घालवलं, असं लोक म्हणतात. म्हणोत. घर तिच्या आईचं, तेव्हा बायकोशी बिनसलं की पिशवी उचलायची ती नवऱ्यानेच. आख्ख्या पादांगात हीच रीत आहे.

भांडण कशावरून, तर सासूबाई स्वयंपाकघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. गाडी घेऊन ये म्हणून यूसनीदारने मला अकरा फोन केले म्हणे. माझ्या फोनची रिंगच बारीक. त्यात गाणी चालू. गाणी नसतील तर कॉलेजची पोरं अंकोतमध्ये चढत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे.

ठराव : पंधरवड्यात सन्मानाने घरी.

५ ऑगस्ट, सकाळी
प्लॅन तयार. पेनड्राइव्हवर वीस गाणी, सगळी तिच्या आवडीची. तिसरं आमच्या लग्नात वाजलेलं. सितेबाच्या स्टॉपवरून निघालं की दोन गाण्यांत तिच्या अंगणातलं रंबुतानचं झाड येतं. तिथे तिसरं लागणार. ती कपडे वाळत घालत असणार. पुढचं आपोआप.

६ ऑगस्ट
झाडापाशी लागली ती जाहिरात. ‘पेनड्राइव्ह भरून मिळेल.’ दुकानदाराने गाण्यांबरोबर फुकट भरलेली. जाऊन झापलं. तो नुसता पुटपुटत होता. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. शेवटी त्याने कागदावर लिहून दिलं : स्टिरिओ नंबर बघत नाही, भरली त्या क्रमाने लावतो. आधी नाही का सांगायचं?

७ ऑगस्ट
पुन्हा भरून आणली. तिसरं गाणं बरोब्बर झाडापाशी. ती आत गेली आणि खिडक्या लावून घेतल्या. बहुतेक रडू आवरेना.
तरी आवाज कमीच पडला.

९ ऑगस्ट
मागच्या बाकाखाली मोठा स्पीकर बसवला. आता आवाज तीसवर नेला की कुठे जरा ऐकू येतं. पोरं कानात बोटं घालून बसली होती. नाजूक पिढी.
जेवताना बहीण म्हणाली, एकदा कान दाखवून ये. माझे कान ठणठणीत आहेत. तिचाच आवाज वयाने बसलाय. यूसनीदारची सरळ माफी माग, असंही म्हणाली. मागणार आहे. पण आधी गाणं.

१० ऑगस्ट
झोप नीट नाही. सासूबाई दोन तास फरशीवर पडून होत्या. तेव्हा फोन माझ्या खिशातच होता. हे सारखं मनात येतं.
उद्या रिंगटोन बदलणे.

१२ ऑगस्ट, दुपारी
यूसनीदार माझ्या अंकोतमध्ये चढली. हातात डबा, सासूबाईंकडे हॉस्पिटलला निघालेली. दुसरी गाडी नव्हती म्हणून नव्हे, मुद्दाम. मी लग्नातलं गाणं लावलं, आवाज पूर्ण. आरशात पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. गाणं म्हणत होती. मीही म्हणू लागलो. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग पुढे बसलेल्या कॉलेजच्या पोरीने माझा दंड गदागदा हलवला आणि स्टिरिओचं बटण स्वतःच फिरवलं.
“काका, त्या बाई हॉस्पिटलपासून ओरडतायत, थांबवा म्हणून.”

थांबवली. हॉस्पिटल दोन चौक मागे राहिलं होतं. यूसनीदार उतरली, खिडकीतून माझ्या हातावर भाडं ठेवलं, सगळे ठेवतात तसं, आणि डबा घेऊन उन्हातून मागे चालू लागली.

मी स्टिरिओ बंद केला, पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. तिच्यामागे जावंसं वाटत होतं, पण आरशात तिच्या पाठीकडे बघत बसलो. तेवढ्यात पोरीने पुन्हा दंड हलवला. मागे गाड्यांची रांग लागलीय, केव्हाचे हॉर्न वाजवतायत, म्हणाली.

गाणं बंद होतं. तरी मला एकही हॉर्न ऐकू आला नव्हता.

यूसनीदारला हे सांगायला हवं. त्या अकरा फोनचंही. सोमवारी नक्की.